अर्जीआपाचे तीन बस्ते

चि. सानिका आणि चि. अद्वैत,

सानिका, उन्हाळ्याच्या सुट्टीत तू तिकडच्या एका संस्थेत काम करणार आहेस आणि दुसऱ्या देशांतून आश्रयाला आलेल्या बायकांचे जबाब लिहून घेणं हे तुझं काम असणार आहे, असं तू परवा फोनवर सांगितलंस. तू खुशीत होतीस. "आजी, तूपण असंच काहीतरी करायचीस ना?" असं विचारलंस, आणि मी "हो, थोडंफार" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मला ते बरं वाटलं नाही. माझी नजर आता अधू होत चालली आहे, जे लिहायचं ते या वर्षात लिहिलेलं बरं. म्हणून तू पहिला जबाब लिहायला बसण्याआधी तुला एका बाईंबद्दल सांगते. अद्वैत, तूही वाच. तुला कायद्यात रस नाही हे मला माहीत आहे, पण यात कायदा एका परिच्छेदापुरताच आहे.

आपल्या गावाचं नाव आता बदललं. या हकिकतीतले सगळे कागद औरंगाबादचे आहेत, म्हणून मी तेच नाव लिहिते.

अर्जीआपा समोर बसलेल्या माणसाला रडू देत नसत. बाई कितीही कळवळून आलेली असो, आपा पेनाचं टोपण काढून म्हणायच्या, "रोना बाद में. पहिले नाव बोला. मग बापाचं नाव. मग वस्ती." बाई गोंधळून नाव सांगायची, बापाचं नाव आठवायची, आणि तोवर रडू ओसरायचं. मला सुरुवातीला हे निर्दय वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाई, रडून झाल्यावर माणूस दमतं. दमलेलं माणूस ज्याला त्याला हो म्हणतं. अर्ज हुशारीत असताना लिहायचा."

त्या वेळी, सत्तरच्या दशकात, कोर्टाजवळच्या दोन खोल्यांत शहरातल्या काही वकिलांनी गरिबांना फुकट सल्ला देण्यासाठी समिती काढली होती. दर शनिवारी ती उघडायची. मी तिची मानद चिटणीस होते. मानद कशासाठी, तर मला इंग्रजी टायपिंग येत होतं, तुमचे आजोबा कॉलेजात शिकवत होते आणि तुमचे बाबा शाळेत जाऊ लागले होते. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालं. मला दख्खनी बोली कळायची, बोलताही यायची, पण उर्दू वाचता येत नव्हतं. मला जे येत होतं ते म्हणजे व्यवस्थितपणा. आवक-जावक नोंदवही, लाल शाईचे क्रमांक, फाईलवर टाईप केलेली चिठ्ठी. वकील मंडळी माझं कौतुक करायची आणि मला ते आवडायचं.

आपांची नेमणूक कुणी केली नाही. एका शनिवारी त्या शेजारणीला घेऊन आल्या, आमचा छापील फॉर्म उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "यात बाईचं दुखणं लिहायला जागाच नाही ठेवली." पुढच्या शनिवारी तीन बायका घेऊन आल्या. मग व्हरांड्यात एक लाकडी पेटी आणून तिच्यावरच लिहायला लागल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, बुरख्याचा पडदा मागे टाकलेला, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. खरं नाव हजेरीपुस्तकातही कुणी लिहिलं नाही. सगळे अर्जीआपा म्हणायचे, म्हणून मीही तेच लिहिलं.

त्यांचे वडील निजामाच्या राज्यात कोर्टात मुन्शी होते. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर हळूहळू कचेऱ्यांतली उर्दू गेली, मराठी आली, आणि मुन्शीजींच्या सुंदर अक्षराला गिऱ्हाईक उरलं नाही. तरी ते शेरवानीची सगळी बटणं लावून रोज कोर्टाच्या आवारात जाऊन बसत आणि संध्याकाळी परत येत. आपांना ते बघवेना. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून त्या मराठी लिहायला शिकल्या. मग वडील उर्दूत सांगणार आणि लेक मराठीत लिहिणार, असे दोघांनी मिळून कितीतरी वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. पण मराठी शिकूनही एक सवय सुटली नाही. आपा कागदाचा समास उजवीकडे सोडायच्या. मी एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "अब्बांचा हात इथं टेकायचा. ती जागा राहू द्या."

आमच्याकडे मुसलमान बायका फार येत नसत. आमचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, सज्जन माणूस. एका सभेत ते म्हणाले, "येत नाहीत, म्हणजे गरज नसावी." आपा व्हरांड्यातून आत डोकावल्या. "साहेब, एकदा बुरखा घालून पुढच्या पायऱ्या चढून बघा. समोर पंधरा मर्द बसलेले असतात. त्यात तिचा सासरा पण असतो, दुसऱ्याच कामाला आलेला." अध्यक्षांना हसू आलं, पण दुसऱ्याच शनिवारी त्यांनी एक बाक मागच्या दाराशी टाकायला लावलं. ते बाक भरायला लागलं. मागच्या दारावर बायकांसाठी उर्दूत पाटी असावी, अशीही आपांची मागणी होती. त्यावर चर्चा झाली आणि ठरावात 'विचाराधीन' असं लिहिलं गेलं. तो ठराव मीच टाईप केला. मग आपा दर शनिवारी खडूनं मागच्या पायरीवर उर्दूत दोन शब्द लिहायच्या. शिपाई सोमवारी पायरी धुवायचा. शनिवारी त्या पुन्हा लिहायच्या. दोघांनीही कधी तक्रार केली नाही.

आपांचं खरं कसब मला वर्षभरानं कळलं. एका बाईचे त्या तीन अर्ज लिहायच्या. एक आमच्या समितीसाठी, मराठीत. दुसरा त्या बाईच्या मोहल्ल्यातल्या जमात कमिटीसाठी, उर्दूत. अशी कमिटी मशिदीला लागून असायची, विधवांना महिन्याचा शिधा द्यायची, घरातली भांडणं बसून मिटवायची. तिसरा मुंबईच्या एका गटासाठी. त्यात तरुण वकील आणि प्राध्यापक होते. ते मुसलमान बायकांवरच्या अन्यायाची प्रकरणं गोळा करून वरच्या कोर्टात आणि सरकारपुढे नेत. तो अर्ज आपा हिंदीत सांगायच्या आणि मी इंग्रजीत टाईप करायचे.

"एकीचे तीन कशाला?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या कमिटीला कागद लागतो. दाखला, रेशनकार्ड, तारीख. बाई रडली काय, हसली काय, तुम्हाला फरक नाही. जमातवाल्यांना कागद नको, त्यांना लाज लागती. कुणाची सून, कुणाच्या घरची, लोक काय म्हणतील. आणि मुंबईवाल्यांना जुल्म लागतो. छोटा असला तर परत पाठवतात. बाई एकच आहे, पण तिला तिघांकडं तीन कपडे घालून न्यावं लागतं."

या तिन्ही अर्जांच्या सही-अंगठ्याच्या प्रती त्या वेगवेगळ्या बस्त्यांत बांधायच्या. बस्ता म्हणजे कागद गुंडाळायचं चौकोनी फडकं, वडिलांच्या वेळचं. आमचा पांढरा, जमातीचा हिरवा, मुंबईचा निळा. तिन्ही बस्ते आमच्याच कपाटात, पण वेगळ्या खणांत.

आता खातूनबीबद्दल सांगते. ती सिल्लोडची, रजया शिवायची. पन्नाशीला आलेली, थोराड हाताची, कमी बोलणारी बाई. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा रजयांचा गठ्ठा घेऊन वैजापूरच्या बाजाराला गेला आणि त्याच आठवड्यात सगळीकडे गडबड उसळली. तो परत आला नाही. प्रेत मिळालं नाही, निरोप आला नाही, पाहणारा कुणी भेटला नाही. आपांनी नाव-गाव लिहून घेतल्यावर ती म्हणाली, "सासऱ्यानं मला इद्दतला बसू दिलं न्हाई. म्हणला, इद्दत मेलेल्याची करत्यात. माझा पोरगा येनार हाय. मग दुसऱ्या रमजानच्या आधी सासराच गेला." इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं ठरावीक दिवस घरात बसून पाळायचा काळ. खातूनबीनं तो कधीच पाळला नाही. जाताना सासरा धाकट्या मुलाला सांगून गेला होता की ही खोली तुझ्या भावाची, तो येईपर्यंत हिची. धाकट्यानं पंचवीसेक वर्षं ते पाळलं. आता त्याला ते घर पाडून दुकानं काढायची होती. खोली बाजारपेठेकडे तोंड करून होती. त्याच खोलीत खातूनबीचं मशीन होतं, कापूस होता आणि तिचा सगळा संसार होता.

आता तो कायद्याचा परिच्छेद. मुसलमानांच्या वारसा कायद्यात बाप जिवंत असताना मुलगा वारला, तर बापाच्या मालमत्तेत त्या मुलाच्या बायकोला काही मिळत नाही. पण बाप आधी गेला आणि मुलगा नंतर, तर मुलाचा वाटा मुलाकडे येतो आणि त्यातून बायकोला हक्क पोचतो. म्हणजे खातूनबीची खोली एकाच प्रश्नावर टांगलेली होती. आधी कोण मेलं, सासरा की नवरा? आमचे वकील हुशार होते. ते म्हणाले, "नवरा बेपत्ता आहे, एवढंच आपण म्हणायचं. सासरा गेला तेव्हा तो आधीच मेलेला होता, हे दिरानं सिद्ध करू दे. त्याला ते जमणार नाही, कारण कुणी काही पाहिलेलंच नाही. आपण फक्त गप्प राहायचं."

आमच्या अर्जात आपांनी तसंच लिहिलं: पती बेपत्ता. पण खटला चालेपर्यंत खातूनबीनं खायचं काय? रजयांसाठी दीर कापूस द्यायचा, तोही त्यानं बंद केला होता. सिल्लोडची जमात कमिटी शिधा फक्त बेवांना, म्हणजे विधवांना, द्यायची. म्हणून उर्दू अर्जात नवरा मरहूम, म्हणजे वारलेला, झाला. आणि खालच्या कोर्टात हरलो तर वर कोण नेणार? मुंबईचा गट त्या वर्षी पोलीस ॲक्शनमध्ये ज्यांची माणसं गेली त्या बायकांचं गाऱ्हाणं गोळा करत होता. ते कुणीच ऐकलेलं नव्हतं आणि त्यांची तळमळ खरी होती. म्हणून तिसऱ्या अर्जात आपांनी सांगितलं आणि मी टाईप केलं, की पती पोलीस ॲक्शनच्या दिवसांत मारला गेला. तिन्ही कागद खातूनबीला वाचून दाखवले आणि तिनं तिन्हींवर अंगठा दिला.

त्या हिवाळ्यात आपांची बहीण हैदराबादला आजारी पडली आणि आपा तीन आठवडे तिकडे गेल्या. मी मोकळी होते. कपाट उघडल्यावर ते बस्ते, त्यांच्या गाठी, तो हिरवा-निळा पसारा मला सहन होईना. मी सगळ्या गाठी सोडल्या. बाईगणिक एक फाईल केली. प्रत्येक फाईलला यादी, यादीला क्रमांक. उर्दू कागद मला वाचता येत नव्हते, पण नावं ओळखण्यापुरती मदत मी आमच्या एका वकिलाकडून घेतली. इंग्रजी अर्जांच्या कार्बन प्रतीही मी जागच्या जागी लावल्या, कारण कुठलाही कागद फाईलबाहेर ठेवायचा नाही हा माझा नियम होता. तिन्ही बस्ते धुऊन, इस्त्री करून, घडी घालून वरच्या खणात ठेवले. इतकी सुंदर फाईल मी आयुष्यात दुसरी केली नाही.

आपा परत आल्या तेव्हा त्यांनी कपाट उघडून एकेक फाईल हातात घेतली. मग म्हणाल्या, "लई सुंदर झालं." आणि थोड्या वेळानं, "बाई, हे तीन कागद एका जागी बसवू नका. एकमेकांना ओळखत नाहीत ते."

मी हसले. म्हटलं, "आपा, आपण खरं लिहिलं असेल तर लपवायचं कशाला? आणि खोटं लिहिलं असेल, तर लिहायलाच नको होतं."

त्या चिडल्या नाहीत. "एकपण खोटं नाही. नवरा दिसत नाही, हे खरं. बाई बेवा होऊन जगते, हे खरं. त्या आठवड्यात त्या रस्त्यावर माणसं मारली गेली, हेपण खरं. कुणाला कुठलं खरं पाहिजे, तेवढंच मी विचारते."

"कोर्टात असं चालत नाही," मी म्हणाले. मी न्यायाधीशासारखी बोलत होते. त्यांनी वाद घातला नाही, फक्त म्हणाल्या, "खातूनबीची तरी वेगळी काढा." मी काढते म्हटलं. पण मग क्रमांक चुकले असते, यादी पुन्हा टाईप करावी लागली असती. मी ते पुढच्या शनिवारवर टाकलं. त्याच आठवड्यात आमच्या वकिलांच्या हाताखालचे तरुण वकील आले आणि तारीख जवळ आली म्हणून फाईल घेऊन गेले. फाईल इतकी नीट होती, की त्यांनी ती यादीसकट तशीच्या तशी कोर्टात दाखल केली. मी नोंदवहीत लिहिलं: जावक.

सुनावणीला मी आणि आपा मागच्या बाकावर बसलो होतो. खातूनबी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. दिराचे वकील सभ्य होते, आवाज चढवत नव्हते. त्यांनी यादी वाचली, थांबले, आणि सात नंबरचा कागद मागितला. तो इंग्रजी अर्ज होता. त्यांनी तो हळूहळू मराठीत सांगितला.

"हा अंगठा तुमचा?"

"व्हय."

"यात लिहिलंय की तुमचा नवरा पोलीस ॲक्शनच्या दिवसांत मारला गेला. म्हणजे तुमच्या सासऱ्याच्या आधी. बरोबर?"

खातूनबीनं आमच्याकडे पाहिलं. आपांनी मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत, काहीच केलं नाही. कोर्टात त्यांना काही करताच येत नव्हतं. मी तर कागदाकडेच पाहत होते. माझ्या टंकलेखनात एकही खाडाखोड नव्हती.

मग वकिलांनी पाच नंबरचा उर्दू कागदही वाचायला लावला. मरहूम. आणि एक नंबरचा. बेपत्ता. न्यायाधीश खातूनबीला म्हणाले, आणि मायेनं म्हणाले, "बाई, घाबरू नका. यातलं खरं कोणतं, ते सांगा."

ती म्हणाली, "मी काय सांगू साहेब? मी बघितलं न्हाई. ज्यानं त्यानं इचारलं, मी व्हय म्हनलं. आता तुमीच सांगा, त्यो कवा मेला म्हनू म्हंजी खोली ऱ्हाईल?"

कोर्टात कुणी हसलं नाही. दिरानं मान खाली घातली. पण एवढ्या वाक्यानं आमच्या बाजूचं जे काही उरलं होतं तेही गेलं. पुढच्या तारखेला निकाल विरुद्ध लागला.

त्यानंतर प्रत्येकानं आपापल्या परीनं केलं, ते सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. आमच्या समितीनं अपिलाचा विचार केला. वकिलांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तिचा स्वतःचा अंगठा असताना अपिलात काही उरलेलं नाही. मी फाईलवर 'निकाली' असा शिक्का मारला. मुंबईच्या गटातली एक वकील मुलगी स्वतः सिल्लोडला आली, खातूनबीजवळ बसून रडली, आणि त्यांच्या पत्रिकेत तिच्यावर लेख लिहिला. लेख चांगला होता. सोबत फोटो होता, डोक्यावरचा पदर ढळलेला. तो जमातीत पोचला आणि तिथले वयस्क सदर, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, दुखावले. "आमच्या घरची बाई छापून आणली," ते आपांना म्हणाले. शिधा बंद झाला. पण दिराला बोलावून, चार लोकांत बसवून, ईदपर्यंत तिला खोलीतून काढायचं नाही, हे कबूल करून घेतलं तेही त्यांनीच. आमचं कोर्ट एवढंसुद्धा देऊ शकलं नव्हतं. सगळे भले होते. दीरसुद्धा राक्षस नव्हता. ईदनंतर त्यानंच मशीन हातगाडीवर चढवून दिलं आणि तिच्या बहिणीच्या घरापर्यंत सोबत गेला.

मी आपांची माफी मागायला त्यांच्या घरी गेले. मोठं भाषण मनात तयार केलं होतं. त्यांनी मला ते करू दिलं नाही. "पहिले बसा. पाणी प्या." मग म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. तिला मी तीनदा हो म्हणायला शिकवलं. नाही म्हणायला एकदापण नाही शिकवलं."

पुढच्या शनिवारी त्या नेहमीसारख्या आल्या, पायरीवर खडूनं दोन शब्द लिहिले, पेटीवर कागद ठेवला. फरक एवढाच, की आता त्या एकच अर्ज लिहायला लागल्या. आमच्या फॉर्मप्रमाणे. दाखला, कार्ड, तारीख. "तुमच्यासारखं," असं मला म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तो एक अर्ज घेऊन बायका जमातीकडे जायच्या, तर तिथे कुणाला त्यात आपली सून दिसायची नाही. मुंबईला पाठवला, तर उत्तर यायचं की प्रकरण पुरेसं स्पष्ट नाही. हळूहळू ती दोन्ही दारं बंद झाली. मी आपांना म्हटलं, पुन्हा तीन लिहा, मी वेगळे ठेवीन. त्या नुसत्या हसल्या. "आता हात चालत नाही, बाई. लिहिताना दुसरे दोघं आठवतात." माझ्या व्यवस्थितपणानं मोडलेली ती एक गोष्ट मला पुन्हा जुळवता आली नाही. मी बरंच काही करून पाहिलं. कशाचाच उपयोग झाला नाही.

तीन-चार वर्षांनी त्यांना दिसेनासं झालं आणि पुतण्या त्यांना हैदराबादला घेऊन गेला. जाण्याच्या दिवशी मी बस स्टँडवर गेले होते. मी घडी घालून ठेवलेले तिन्ही बस्ते सोबत नेले, वडिलांची आठवण म्हणून त्यांना ते हवे असतील असं वाटलं. त्यांनी ते हातानं चाचपले. कुठला कोणता हे त्यांना स्पर्शानं कळत होतं. "इस्त्री केली का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ते माझ्या मांडीवर परत ठेवले. "तुमच्याकडेच ठेवा. रिकामे आहेत. त्यांची यादी करू नका."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रोना बाद में," पण पुढे काही विचारलं नाही. त्यांना माझं नाव-गाव माहीत होतं. बस सुटली. दोन वर्षं पत्रं आली, पुतण्याच्या हातची. मग एक शेवटचं पत्र आलं, त्यात त्या गेल्याचं कळवलं होतं. त्याच्या पत्राचा समास डावीकडे होता.

सानिका, तुझ्या संस्थेत बायका येतील तेव्हा त्यांच्यापुढेही तीन-चार दारं असतील, आणि प्रत्येक दाराला वेगळी बाई हवी असेल. तू काय करावंस, हे मला सांगता येत नाही. मी तीन कागद एकत्र ठेवले आणि एका बाईची खोली गेली. वेगळे ठेवले असते तर ती राहिली असती, अशीही खात्री नाही. मी इतकी वर्षं विचार केला आणि एवढंच मला लिहिता येतं.

सिल्लोडला त्या जागी आता कापडाचं दुकान आहे. खातूनबी बहिणीच्या घरी वारली. समिती नव्या इमारतीत गेली तेव्हा जुन्या फाईली टाकून देणार होते. त्यातली एक मी मागून घेतली. कपाटात वरच्या खणात ती आहे, तिच्यावर तीन बस्ते आहेत आणि तिच्या शेजारी खातूनबीनं शिवलेली रजई आहे. फाईलची यादी जागेवर आहे. सात नंबरच्या कागदावरची शाई फिकट झाली आहे, पण अंगठा नीट दिसतो.

तुमची आजी